आवासकरांना कोण काय म्हणतं

एका बायकोपासून माणसाचा घटस्फोट एकदाच होतो, अशी राजारामपुरीच्या आठव्या गल्लीची समजूत होती. त्या गल्लीत तोवर झालेला घटस्फोट एकच, आवासकर ओव्हरसियरांचा, आणि तोही मुंबईच्या कोर्टात होऊन पोस्टानं आलेला. त्यामुळं चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाला आवासकर त्याच बायकोला पुन्हा सोडणार आहेत असं कळल्यावर गल्ली आधी चक्रावली आणि मग मदतीला धावली. कोल्हापुरात माणसाला संकटात एकटं सोडायची पद्धत नाही, मग त्याची तशी कितीही इच्छा असो.

आवासकर महापालिकेच्या पाणीखात्यात होते. उंच, सडपातळ, शर्टाचं वरचं बटण मे महिन्यातही लावणारे. मूळचे कोकणातल्या आवासचे, बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. आख्ख्या कोल्हापुरात त्यांच्या समाजाचं दुसरं घर नव्हतं, त्यामुळं गल्लीनं सोळा वर्षं त्यांचा धर्म आपापल्या सोयीनं ठरवला होता. घरमालकीण शालूबाईंच्या मते, जो माणूस शनिवारी विस्तव पेटवत नाही त्याचा देव मारुतीच असणार. दर शनिवारी त्या मारुतीपुढच्या नारळाची वाटी आवासकरांना न चुकता देत. आवासकरांनी एकदोनदा खुलासा करायचा प्रयत्न केला होता, पण खोबरं ताजं असायचं.

सुरुवात दिनाबाईंच्या पत्रानं झाली. आठ ओळींचं पत्र. त्यांना इस्रायलला बीरशेबात एक स्थळ आलं होतं: मूळचे रेवदंड्याचे, विजेच्या सामानाचं दुकान, पहिली बायको वारलेली, पदरात दोन मुली. लग्न जुलैत. पण तिथले धर्मगुरू कोर्टाचा कागद मानत नाहीत. नवऱ्यानं धर्माप्रमाणे सोडचिठ्ठी दिल्याशिवाय बाई मोकळी होत नाही, आणि तोवर केलेलं दुसरं लग्न लग्न ठरत नाही. तिथले एक रब्बी, म्हणजे असेच धर्मगुरू, तीन आठवड्यांसाठी मुंबईला येणार आहेत. ‘तुम्ही नाही म्हणणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून विचारते,’ अशी शेवटची ओळ होती.

आवासकर नाही म्हणणार नव्हतेच. त्यांचं आणि दिनाबाईंचं कधी भांडण झालं नव्हतं. सात वर्षांच्या संसारात आवाज चढला असेल तो रेडिओचा. आवासकर बोलणंही पाण्यासारखं सोडत, ठराविक वेळी आणि मोजून, आणि दिनाबाई वाट बघून कंटाळल्या. एकदा आईकडं म्हणून मुंबईला गेल्या आणि त्यांनी तिथल्या शाळेत शिवणाच्या बाईंची नोकरी धरली. आवासकरांनी ‘परत ये’ असं पत्र लिहिलं होतं. ते त्यांच्या टेबलाच्या खणात नऊ वर्षं होतं.

मुंबईला जायचं म्हणून त्यांनी तीन दिवसांच्या रजेचा अर्ज केला. कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहावं हा त्यांचा स्वभाव, म्हणून ‘पत्नीस सोडचिठ्ठी देणे’ असं लिहिलं. अर्ज चौथ्या दिवशी परत आला. आस्थापना विभागाचा शेरा होता: दप्तरी नोंदीनुसार आपणास पत्नी नाही, सबब नसलेल्या पत्नीस सोडण्याकरिता रजा देता येत नाही. आवासकरांनी खुलासा जोडला. त्यावर, पत्नी असल्यास नऊ वर्षं ती माहिती का दडवली, अशी विचारणा झाली. शेवटी ‘घरगुती काम’ असं लिहिल्यावर रजा अर्ध्या तासात मंजूर झाली. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागदावर जाणूनबुजून खोटं लिहिलं म्हणून आवासकरांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

त्याचं प्रायश्चित्त म्हणा, निघायच्या आदल्या दिवशी ते गल्लीच्याच कोपऱ्यावरच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पडले. त्या खड्ड्यावर नवीन झाकण बसवल्याचा अहवाल फेब्रुवारीत त्यांनी स्वतःच्या सहीनं पाठवला होता. पाय दोन ठिकाणी मोडला. दवाखान्यात प्लॅस्टर घालताना ते एकदाही ओरडले नाहीत, पण व्हॉल्व्हमन पिराजी भेटायला आला आणि म्हणाला, “साहेब, झाकण कागदावर हुतं न्हवं?” तेव्हा मात्र त्यांनी डोळे मिटून घेतले.

आता ते जाऊ शकत नव्हते, आणि सोडचिठ्ठी लिहिण्याचा हुकूम नवऱ्यानं स्वतःच्या तोंडानं लेखकाला द्यावा लागतो. म्हणून रब्बीच कोल्हापूरला येणार असं ठरलं. बरोबर पिसाच्या लेखणीनं लिहिणारा लेखक, दोन साक्षीदार, आणि दुभाषी म्हणून पुण्याच्या यहुदी देवळात प्रार्थना चालवणारे हझान रोहेकर. साक्षीदार नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नात्यातले चालत नाहीत, एवढी एक बारीक अट होती. पण कोकणच्या चारपाच गावांतून निघालेला सगळा समाज, त्यात नात्यात नसलेला माणूस म्हणजे दुर्मीळच. पहिली जोडी निघाली दिनाबाईंच्या मामेभावांची. दुसऱ्या जोडीतले एक गृहस्थ स्वतःच्याही नकळत आवासकरांचे आतेभाऊ होते. तिसरी जोडी मिळेपर्यंत रब्बींच्या तीन आठवड्यांतले दोन संपले होते.

त्यातच हझान रोहेकरांचं जाड पाकीट आलं. कोल्हापुरात आजवर कधीच अशी सोडचिठ्ठी लिहिली गेलेली नसल्यानं रब्बींना दोन गोष्टी खात्रीनं कळायला हव्या होत्या. एक, हे शहर कोणत्या नदीवर आणि कोणत्या पाण्यावर वसलं आहे. दोन, नवराबायकोला लोक कोणकोणत्या नावांनी हाक मारतात. ही सगळी नावं कागदात आली पाहिजेत. एखादं चालतं नाव राहून गेलं, तर पुढं कुणीही उठून म्हणू शकतो की सोडली ती बाई वेगळीच होती.

शेजारच्या हंबीररावांना हे ऐकून भरून आलं. हंबीरराव तीस वर्षं कोर्टात बेलिफ होते, समन्स बजावून निवृत्त झालेले. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “ह्यो रब्बी कायदा जाणतोय बघा. नाव आन पत्ता चुकला की कागद परत. आमची समदी हयात त्यातच गेली.” दुसऱ्या दिवसापासून ते आवासकरांच्या खाटेशेजारी खुर्ची टाकून बसायला लागले. बरोबर जुनी, लाल कापडी बांधणीची वही.

पाण्याचा प्रश्न वाचून आवासकर मात्र उठूनच बसले. एकोणीस वर्षांच्या नोकरीत हे शहर कुठलं पाणी पितं असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पाणी का येत नाही, एवढंच विचारत आले होते. त्यांनी पिराजीकडून कचेरीतले नकाशे मागवले आणि कात्यायनीच्या झऱ्यांपासून कळंब्याच्या तलावापर्यंत आणि बालिंग्याच्या उपशापर्यंत सगळं लिहून काढलं. अडलं ते पंचगंगेवर. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार नद्या ठीक. पाचवी सरस्वती, ती गुप्त. जिचा प्रवाह कुणी मोजलेला नाही ती नदी आपण धर्माच्या कागदात लिहिणार नाही, असं आवासकरांनी सांगितलं. हंबीररावांना ते पटलं नाही.

“गुप्त हाय म्हणून न्हायच म्हणायचं व्हय?” ते म्हणाले. “माळ्यावर दडून बसलेल्या माणसाला बी समन्स लागू हुतंय, साहेब.”

दोन दिवस हा वाद चालला. शालूबाई सरस्वतीच्या बाजूनं होत्या. पिराजी पगारामुळं साहेबांच्या बाजूनं होता. शेवटी आवासकरांनी मूळ मजकुरात चार नद्या आणि तळटीपेत सरस्वती घेतली आणि नकाशासह सात पानांचा अहवाल पुण्याला रवाना केला. त्याला एका कार्डावर उत्तर आलं. रब्बींनी आभार मानले होते. ‘पंचगंगा नदीवर आणि झऱ्यांच्या पाण्यावर वसलेले’ एवढं पुरे आहे. आवासकरांनी नकाशे त्याच दिवशी पिराजीबरोबर कचेरीत परत पाठवले.

मग नावं. हंबीरराव हे काम बेलिफाच्या शिस्तीनं करायला निघाले. गल्लीतलं प्रत्येक दार वाजवून, ‘आवासकरांना तुम्ही काय म्हणता, खरं सांगा, धर्माचं काम हाय’ असं विचारायचं आणि वहीत नाव, आणि नावापुढं म्हणणाऱ्यांचा आकडा मांडायचा. आवासकरांना हा प्रकार पसंत नव्हता, पण पाय प्लॅस्टरमध्ये होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हंबीरराव आले, खुर्चीवर बसले आणि उगीचच हवेबद्दल बोलू लागले.

वही आवासकरांनी हातातून ओढूनच घेतली. ‘आवासकर’ बावीस. ‘पाणीवाले’ एकतीस. आणि सर्वांत खाली, थोड्या बारीक अक्षरात, ‘अर्धा इंच’, चौसष्ट. घरगुती नळाची जोडणी अर्ध्या इंचाची हा नियम होता, आणि तो आवासकरांनी आमदाराच्या मेव्हण्यालाही मोडू दिला नव्हता. त्यांना वाटत आलं होतं की लोक यामुळं आपल्याला मानतात.

“कोण म्हणतं हे?” त्यांनी विचारलं.

“समदीच,” दारात उभा असलेला पिराजी म्हणाला. “मी बी म्हणतो की. पर आदरानं.”

वहीत आणखी एक ओळ होती. तिच्याकडं हंबीररावांनी बोट दाखवलं नाही, पण आवासकरांना ती दिसली. ‘शालोम’, त्यापुढं शून्य. शालोम हे त्यांचं पाळण्यातलं नाव, सर्व्हिस बुकात लिहिलेलं. त्या नावानं आई हाक मारायची. ती एकसष्ट साली गेली. मित्र असे नव्हतेच, आणि दिनाबाईंचा प्रश्न नव्हता, कारण नवऱ्याचं नाव घेण्याची रीत त्यांच्याकडंही नव्हती. तेरा वर्षांत आपल्याला कुणी नावानं हाक मारलेली नाही, हे आवासकरांना एका शून्यावरून कळलं, आणि ‘अर्धा इंच’चं दुःख त्यापुढं फिकं पडलं.

त्या रात्री दिनाबाईंच्या नावांची यादी त्यांनी एकट्यानं केली. दिना. माहेरची बेबी. शाळेतल्या मास्तरीणबाई. गल्लीची वैनी. चार नावं लिहून लेखणी थांबली. पाचवं नाव होतं. लग्नानंतर दिनाबाई घरात आल्या तेव्हा बटणं, दोऱ्याचे तुकडे, बदामाच्या बिया, काय काय डब्याडब्यांत लपवून ठेवायच्या आणि या खोलीतून त्या खोलीत धावत असायच्या. आवासकर त्यांना खारू म्हणायला लागले, खारीवरून. ते नाव दोघांतच राहिलं होतं, दार लावलेलं असतानाच उच्चारलेलं. रब्बी विचारतात ते लोक हाक मारतात त्या नावांबद्दल, एक माणूस म्हणजे लोक नव्हेत, असा त्यांनी नियम लावला आणि यादी बंद केली. खरी गोष्ट अशी की त्या संसारातलं बाकी सगळं दिनाबाई घेऊन गेल्या होत्या किंवा झिजून संपलं होतं. एवढंच उरलं होतं, आणि ते चारचौघांसमोर कागदावर मांडून फाडायला द्यायला त्यांचं मन होत नव्हतं. सोडचिठ्ठी बायकोच्या हातात पडली की रब्बी ती फाडतात, हेही पत्रात लिहिलेलं होतं.

ठरलेल्या बुधवारी सकाळी मंडळी आली. शालूबाईंना आदल्या दिवसापासून एकच घोर होता, घटस्फोटाच्या पाव्हण्यांना गोड करायचं की तिखट. गोड केलं तर बरं दिसत नाही, तिखट केलं तर सुतक वाटतं. पाव्हणे परक्या भांड्यातलं खात नाहीत असं कळल्यावर त्यांनी केळ्यांचा घड आणून ठेवला आणि त्याला हळदकुंकू लावलं. गल्लीतली निम्मी माणसं खिडकीशी जमली. आत खाटेवर आवासकर, इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. समोर टेबलाशी पांढऱ्या दाढीचे लेखक, त्यांच्यामागं साक्षीदार. कोपऱ्यात खुर्चीवर दिनाबाई. कानशिलाजवळचे केस पांढरे झाले होते. त्यांनी आवासकरांच्या पायाकडं पाहिलं आणि दुखतं का, असं विचारलं. आवासकर मोजूनच बोलले. म्हणाले, नाही.

रब्बींनी चौकशी सुरू केली. नवऱ्याचं नाव शालोम, अब्राहमचा मुलगा. या नावानं त्यांना हल्ली कोण हाक मारतं? खिडकीतून हंबीररावांनी अदबीनं साक्ष दिली की या गल्लीत कुणी मारत नाही. रब्बींनी वहीतली बाकी नावं समजून घेतली. ‘अर्धा इंच’ म्हणजे काय हे हझान रोहेकरांना हिब्रूतून सांगायला पाच मिनिटं लागली. चेष्टेनं पाडलेलं नाव लिहीत नाहीत, असा रब्बींनी निर्णय दिला, तेव्हा खिडकीतल्या पुष्कळांना वाईट वाटलं.

मग त्यांनी दिनाबाईंना विचारलं, की तुम्ही नवऱ्याला काय म्हणत होता.

“अहो म्हणत होते,” दिनाबाई म्हणाल्या.

रब्बींनी लेखकाला थांबायची खूण केली. ‘अहो’ हे नाव यादीत नव्हतं. सात वर्षं रोज मारलेली हाक, ती यादीत नसावी याचं त्यांना नवल वाटलं. हे नाव नाही, असं हझान सांगू लागले. मग नवरा त्याला ओ कसा देतो, असं रब्बींनी विचारलं. शालूबाई खिडकीतून म्हणाल्या, की त्यांचे मालक वारेपर्यंत मालकांचंही नाव हेच होतं. गल्लीतल्या इतर बायकांनीही आपापल्या नवऱ्यांबद्दल तसंच सांगितलं. इतक्या पुरुषांचं एकच नाव असलेल्या शहरात सोडचिठ्ठी कुणाची ओळखायची, अशा नजरेनं रब्बी बराच वेळ बघत राहिले. अखेर अर्ध्या तासानं, सर्वांना लागू असलेली हाक ही कुणा एकाचं नाव नव्हे, असा निर्णय झाला.

“आणि यांनी तुम्हाला? यादीत चार नावं आहेत. आणखी काही?” हझाननी विचारलं.

दिनाबाईंनी खाटेकडं पाहिलं नाही. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

“यादी त्यांनी केलीय ना,” त्या म्हणाल्या. “मग तेवढीच असतील.”

लेखक लिहायला बसले. बारा ओळी, एक अक्षर दुसऱ्याला चिकटता कामा नये. खोलीत पिसाची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. आवासकर छताकडं बघत होते. ती विसरली असेल, हा एक विचार होता, आणि तो सहन होण्यासारखा नव्हता. विसरली नसेल, आपण लपवलं म्हणून तिनंही झाकलं असेल, हा दुसरा, तो त्याहून अवघड. शिवाय झाकणाचं त्यांच्या डोक्यातून जाईना. कागदावर झाकण होतं, खड्ड्यावर नव्हतं, आणि पडायचा तो माणूस पडला होता. उद्या बीरशेबात तिनं संसार मांडला, त्या दोन मुली तिला आई म्हणायला लागल्या, आणि कागदात भोक राहिलेलं असलं तर पडणार कोण?

दीड तासानं लेखकांनी बारावी ओळ पुरी केली आणि मान मोकळी केली. साक्षीदार सहीला वाकले.

“एक नाव राहिलं,” आवासकर म्हणाले.

हझाननी ते रब्बींना सांगितलं. रब्बींनी कागदाकडं आणि मग लेखकाकडं पाहिलं. लेखकांनी पीस खाली ठेवलं.

“कोणतं?”

खिडकीत पंधरावीस डोकी होती. आवासकरांनी वरचं बटण काढलं.

“खारू,” ते म्हणाले. “मीच म्हणायचो. दुसरं कुणी नाही.” मग, कुणी विचारलं नसताना, त्यांनी पुढं सांगितलं, “रोज म्हणायचो. ती गेल्यावरही काही दिवस म्हणत होतो.”

शालूबाईंनी पदर तोंडाला लावला. दिनाबाई खाली बघून रडत होत्या, आवाज न करता. रब्बींनी त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी हो, हे नाव खरं, अशी मान हलवली. लेखकांनी नवा कागद घेतला. पुन्हा पहिल्यापासून पंचगंगा, पुन्हा झरे. या खेपेला कुणी खोकलंसुद्धा नाही.

दुपार टळता टळता काम झालं. दिनाबाई खाटेपुढं ओंजळ करून उभ्या राहिल्या. आवासकरांनी घडी केलेला कागद त्या ओंजळीत सोडला आणि हझाननी सांगितलेले शब्द म्हटले, की ही तुझी सोडचिठ्ठी, तू आता कुणाशीही लग्न करायला मोकळी आहेस. दिनाबाई तो काखेत धरून दारापर्यंत चार पावलं चालल्या आणि परत आल्या. रब्बींनी कागद घेऊन उभा आडवा फाडला. खिडकीतल्या कुणाला टाळ्या वाजवाव्यात की डोळे पुसावेत हे समजेना, म्हणून सगळ्यांनी केळी खाल्ली.

पिराजीनं रिक्षा आणली. शालूबाईंनी दिनाबाईंच्या पिशवीत उरलेली केळी कोंबली. आवासकर खाटेवरून, प्लॅस्टरचा पाय सांभाळत, दारातून दिसेल इतके सरकले.

“दिनाबाई,” ते म्हणाले, “पाणी घेतलंत का बरोबर? स्टेशनवरचं पिऊ नका.”

पायरीवर दिनाबाई थांबल्या. आवासकरांनी आपल्याला कधी ‘तुम्ही’ म्हटलेलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्या वळल्या आणि जरा हसल्या.

“घेतलंय,” त्या म्हणाल्या. “पायाला जपा. निघते मी, शालोम.”

शालूबाईंचा हात तोंडाशी गेला. नवऱ्याचं नाव घेतलं की हो बाईनं, असं त्या पुटपुटल्या, आणि हंबीररावांनी त्यांना हळू आवाजात समजावलं, की आता ते नवरा न्हाईत, आता घ्यायला हरकत न्हाय. रिक्षा कोपऱ्यावरून, आता खरोखरचं नवं झाकण बसवलेल्या खड्ड्याला वळसा घालून गेली. ती हाक त्या आवाजात आवासकरांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली होती.

गल्ली पांगली. हंबीरराव तेवढे मागं राहिले. त्यांनी काखेतली लाल वही काढली, आणि ते पान उघडलं.

“साहेब,” त्यांनी विचारलं, “हितं शून्य हाय. दुरुस्त करू न्हवं?”

आवासकरांनी शर्टाचं बटण लावायला हात वर नेला आणि तो तसाच खाली घेतला.

“करा,” ते म्हणाले. “एक लिहा.”